उजव्या कानात

१९ जानेवारी

प्रिय मार्नी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून हे पत्र तू न उघडताच शेकोटीत घातलं नसशील, तर वाच. अलास्कात थंडी भयंकर असते म्हणतात, तेव्हा घातलं असशील तरी रागावणार नाही.

आमचं घर सांभाळणाऱ्या मिस युनिस गेल्या. मंगळवारी नाश्त्याला खाली आल्या नाहीत, म्हणून ब्रिन वर बघायला गेली. ब्रिन म्हणजे आमच्या सोरॉरिटीची, कॉलेजातल्या या भगिनीमंडळाची, यंदाची अध्यक्ष, टेनेसीची पोरगी, बोलायला फटकळ पण मनाने चांगली. ती खाली आली ती पांढरीफटक होऊन. मला रडू आलं नाही. जिन्याच्या कठड्याला धरून मी एवढंच म्हटलं, "आता शब्द?"

तुला आमच्या या घराचा किती वीट आहे हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. तरी तुझ्या आईने तुला पाळण्यात असल्यापासून ऐकवलेली गोष्ट मी पुन्हा सांगणार आहे, कारण मला जे मागायचं आहे ते तिच्यावरच अवलंबून आहे.

१९०९ साली या कॉलेजाने मुली घ्यायला सुरुवात केली, पण त्यांना बसायला एक खोली दिली नाही. सात जणी टॅकेटबाईंच्या खानावळीत राहायच्या. बाई मुलींची पत्रं वाचायची, दाराला कान लावायची. मग मुली कपडे धुवायच्या दिवशी मागच्या धोबीघरात जमू लागल्या. घंगाळात पाणी उकळायचं, त्या आवाजात त्यांनी एकमेकींना कानात वचन दिलं. त्या वचनाचे शब्द, तेच हे. टॅकेटबाईच्या भीतीने कधी लिहिले गेले नाहीत आणि पुढे तोच नियम झाला. अजून कॉलेजातली पोरं आम्हाला 'धोबिणी' म्हणतात. म्हणोत. आम्हाला त्याचा मोठा तोरा.

नवी मुलगी पांढरा रुमाल स्वतःच्या हाताने इस्त्री करते. तोच तिच्या डोळ्यांवर बांधतात आणि उजव्या कानात शब्द सांगतात, एकदाच. मग तो रुमाल तिच्या थोरलीकडे, म्हणजे तिला आत आणणाऱ्या जुन्या सभासदाकडे, जातो. थोरली मेली की तिच्या हातात तो ठेवून तिला पुरतात. तुझी आई माझी थोरली. माझा रुमाल तिच्याकडे आहे, म्हणजे होता. तिने तो कधीच फाडून टाकला असेल.

शब्द नेहमी दोघींकडे ठेवायचे, एक मेली तर दुसरी हवी म्हणून. त्या दोघी म्हणजे मिस युनिस आणि तुझी आई. तुझ्या आईने घर सोडल्यावर दर वसंतात मी मिस युनिसना म्हणायचे, "दुसरी निवडा हो आता." त्यांचं उत्तर ठरलेलं: "ग्लेंडा येईल. ती तिची जागा आहे." तीस वर्षं हेच. आणि एके सकाळी नाश्त्याआधीच निघून गेल्या.

आम्ही सगळ्यांनी शब्द ऐकलेत, पण एकदाच, डोळे बांधून, छाती धडधडत असताना. मी जुन्या मैत्रिणींना फोन लावले. पॉलीनला फक्त 'भाकरी' आठवते. डॉट म्हणते भाकरी नव्हतीच, 'नदी' होती. मला सुरुवात आठवते आणि मग कानाला झालेल्या गुदगुल्या.

कॉलेजचा नियम असा, की सलग दोन वसंत एकही नवी मुलगी दीक्षा घेऊन आत आली नाही तर मान्यता रद्द आणि घर कॉलेजच्या ताब्यात. गेल्या वर्षी कोणी आलं नाही. यंदा तिघींनी होकार दिला आहे, हो, तिघींनी! दीक्षा स्थापनादिनाला, एप्रिलच्या पहिल्या रविवारी. आता शब्द एकटीकडेच उरलेत, तुझ्या आईकडे. आणि ती माझं पत्र घेत नाही, फोन उचलत नाही. कारण आम्ही तिच्या लेकीला नाकारलं.

मार्नी, तुला आठवतं ना ते सगळं? मागच्या पायरीवर तू बसली होतीस, नाक लाल झालेलं. म्हणालीस, "मावशी, माझं नाव काढायला सांग ना त्यांना. मला नाही यायचं त्या घरात. आईला सांगायची माझी छाती नाही." सभासदाच्या मुलीला इथे कधी नाकारत नाहीत, तरी मी मुलींना समजावलं, त्यांनी मतदान केलं, आणि मतदान गुप्त असतं म्हणून आम्ही सगळ्या मूग गिळून बसलो. तुझ्या आईने छातीवरचं बोधचिन्ह काढून नदीत फेकलं.

मला फक्त एक परवानगी दे. तिला खरं सांगू दे.

तुझी,
नोलामावशी


१६ फेब्रुवारी

प्रिय मार्नी,

तुझं कार्ड मिळालं. त्यावरचं मोठ्या शिंगांच्या हरणाचं, मूसचं, चित्र छान आहे. मागची ओळही वाचली: "मावशी, नाही. तिच्याकडे तेवढंच उरलं आहे."

खरं सांगते, आधी राग आला. कार्ड फ्रिजला चिकटवलं, मग काढून खणात टाकलं, मग परत चिकटवलं. मनात आलं, या पोरीने एकदा माझ्या पायरीवर रडून घेतलं आणि मी तीस वर्षं तिचं ओझं वाहते आहे, वर ही मला मूस पाठवते!

मग हॅम भरलेली मऊ बिस्किटं करत बसले आणि राग निवला. तुझंही खरं आहे. तुझा बाप लवकर गेला, मग तिचं दुकान गेलं, गुडघे गेले. राहिलं काय तर ती गोष्ट. दर नाताळात पानावर बसलं की ती तुला म्हणत असणार, "पोरी, तुझ्यासाठी मी माझ्या सगळ्या बहिणी सोडल्या." तू मान खाली घालून बटाटे कालवत असणार. आता जाऊन तिला सांगायचं, की बाई, तू उगाचच सोडल्यास? तिच्या लेकीलाच नको होतं? नाही. मला कळतं.

तर मी जाणार नाही. दिलेला शब्द मोडायची सवय मला नाही.

इकडे मुली कामाला लागल्या आहेत. तिघी नव्या इस्त्री शिकताहेत. त्यांच्या घरी इस्त्रीच नाही म्हणे, सगळे कपडे न चुरगळणारे! हेली नावाची एक आहे, खाणीतल्या मजुराची नात, तिने पहिल्याच दिवशी रुमाल जाळला आणि "मिस नोला, हा तपकिरी रुमाल चालेल का?" असं इतक्या भोळेपणाने विचारलं की मी पोट धरून हसले. फार दिवसांनी त्या स्वयंपाकघरात कोणी तसं हसलं.

ब्रिनने मला गाठलंच. "मिस नोला, खरं सांगा. शब्द आहेत की नाहीत?"

"आहेत. एकीकडे."

"मग आणा ना तिच्याकडून."

"देत नाही."

"का? आपण काय केलंय तिचं?"

मी म्हटलं, "तू जन्मलीही नव्हतीस तेव्हा." ती म्हणाली, "मग शिक्षा मला का?"

नोलामावशी


२३ मार्च

प्रिय मार्नी,

इकडे रेडबडची झाडं फुलली आहेत. टेकडीचा उतार नुसता गुलाबी झाला आहे. चेस पाय, तो अंडी-लोणी-साखरेचा गोड पदार्थ, केला होता, बरा जमला. पायचा अर्धा भाग मी मोटारीत ठेवून लेक्सिंग्टनच्या बाहेर तुझ्या आईच्या वृद्धाश्रमात गेले होते.

हो, गेले. रागाव. पण पुढचं वाचून रागाव.

ती खिडकीपाशी खुर्चीत होती. बारीक झाली आहे, पण केस तसेच सेट केलेले आणि ओठांना लाली. मला बघून म्हणाली, "नोला, सुटलीस की गं."

"आणि तू खडूस होतीस तशीच आहेस."

"पाय आणलास? मला साखर चालत नाही. ठेव तिथे." मग लगेच तिने चमच्याने एक घास तोडला. "युनिस गेली म्हणे. म्हणूनच आलीस तू, माझ्या प्रेमाने नाही आलीस."

मी तिच्यापुढे दाताच्या कण्या केल्या. तिघी मुलींचं सांगितलं, जळक्या रुमालाचं सांगितलं, ती हसली पण. मला वाटलं, आता विरघळते. मग तिने चमचा खाली ठेवला.

"नाव सांग. माझ्या पोरीला कोणी नाकारलं, त्या बाईचं नाव सांग. मग बघू."

"ग्लेंडा, मतदान गुप्त असतं."

"गुप्त गेलं खड्ड्यात! मला मरायच्या आधी एक तोंड हवंय, ज्याच्यावर रागवायचं ते. आजवर भिंतीवर रागावत आले मी."

मार्नी, तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. एक शब्द, की घर वाचलं असतं. मग मला ती मूस आठवली आणि तिच्यामागची ओळ.

मी म्हटलं, "मी."

तिला ऐकू आलं नसावं असं वाटलं. मग ती म्हणाली, "तू? तिच्या पाळण्याची दोरी तू हलवलीस. तिचं बाप्तिस्म्याचं झबलं तू शिवलंस." मी मान हलवली. "का?"

याचं उत्तर मी ठरवून गेलेच नव्हते. तोंडाला आलं ते बोलले: "ती मला आपल्यातली वाटली नाही." त्या खोलीत मी खरं बोलले ते एवढंच.

मला वाटत होतं ती ओरडेल, शिव्या घालेल, आणि नाव सांगितलं म्हणून शब्द देईल. तुझी आई बोलल्याला जागणारी बाई आहे. तिने आवाज चढवला नाही. उशाशी कपाट होतं, त्याच्या खणातून तिने माझा रुमाल काढला. फाडला नव्हता गं. इस्त्री केलेला, चौघडी घडी, घडीवर पिवळट रेषा. तो तिने माझ्या मांडीवर ठेवला.

"घेऊन जा. हा हातात देऊन मला पुरू नका. आणि तूही येऊ नकोस."

"आणि शब्द?"

"मी 'बघू' म्हटलं होतं. बघितलं."

दारापर्यंत आले तर मागून म्हणाली, "पाय चांगला झालाय." आवाज जुना होता, माझ्या थोरलीचा. मी वळले तर तिने तोंड खिडकीकडे केलं होतं.

तू तिला काही सांगू नकोस. तिला हवं होतं ते तोंड मिळालं. माझं तोंड तसंही म्हातारं झालंय. फक्त या आठवड्यात तिला फोन कर.

नोलामावशी


७ एप्रिल

मार्नी,

तू तीन ओळींचं पत्र पाठवलंस, त्यात दोनदा 'माफ कर' आहे. पुरे.

काल स्थापनादिन झाला. शब्द नाहीत हे मी मुलींना सांगितलं. ब्रिन म्हणाली, "मग आपणच रचू की! त्या सात जणींनीही रचलेच होते ना?" मी नाही म्हणाले. रात्रभर तळमळून सकाळी हो म्हणाले. पोरीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बसून तिने छान लिहिलं, मैत्री, दिवा, वाट, असं. वाढदिवसाच्या कार्डावर असतं तसं होतं, पण मनापासून होतं.

मागच्या खोलीत जमलो. जुन्या काळचं धोबीघर ते, अजून साबणाचा वास येतो की मलाच येतो कोण जाणे. घंगाळात पाणी उकळत ठेवलं. तिघींच्या डोळ्यांवर त्यांचेच रुमाल बांधले. मिस युनिसच्या जागी मी उभी राहिले. पहिली हेली. मी वाकून तिच्या उजव्या कानात सांगायला लागले, आणि 'वाट उजळणाऱ्या मैत्रीची ज्योत' या ठिकाणी माझा आवाज असा काही नाटकी झाला, की तिचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडते आहे. हसत होती. तिचं बघून दुसरी, मग ब्रिन, आणि देवाशपथ, मग मी. पोट दुखेपर्यंत हसलो. हसू ओसरलं आणि खोलीत कोणाला कोणाकडे बघवेना.

हेलीने रुमाल सोडला, घडी घातली. आता तिला छान घडी जमते. म्हणाली, "मिस नोला, तुमचा राग नाही हो. माझ्या घरात कोणी कॉलेज पाहिलेलं नाही. मला वाटलं, एवढ्या बायकांनी एवढी वर्षं जपलेलं काहीतरी मलाही कोणी देईल. हे तर मी स्वतःही लिहिलं असतं."

तिघी गेल्या. मी अडवलं नाही. अडवून काय देणार होते?

चीज स्ट्रॉचे, त्या खाऱ्या खुसखुशीत काड्यांचे, तीन डबे तसेच पडलेत. ब्रिन आणि मी जिन्यात बसून खाल्ले, ती रडत, मी न रडता.

नोला


१८ मे

मार्नी, बाळ,

हे पत्र अंत्यसंस्कारवाल्यांच्या टेबलावर ठेवून जाते आहे. तू विमानतळावरून थेट तिथेच येशील म्हणून. मला यायची मनाई आहे, आणि ती मोडणार नाही.

तुझा निरोप मी फोनवर पुन्हा पुन्हा ऐकला. तुझ्या आईने जायच्या दोन दिवस आधी तुला फोन केला. म्हणाली, "उजवा कान लाव." आणि शब्द सांगितले, सगळे, एकही न अडखळता. वर म्हणाली, "आता आलीस तू आत. बघू त्या नोलाला थांबवता येतं का!"

मी हसले आणि मग पहिल्यांदा रडले. मिस युनिससाठी, घरासाठी, सगळ्यासाठी एकदमच.

तू विचारतेस, शब्द मला सांगू का. नको. कॉलेजने कुलूप बदललं आहे. दारावरची आमच्या नावाची ग्रीक अक्षरं काढली, तिथली भिंत फिकट दिसते. ब्रिन घरी गेली. माझ्या पुढे कोणाचाच कान नाही, आणि ज्याला पुढे द्यायचं नाही त्याने घ्यायचं नाही हाही नियमच. पॉलीनला मात्र कळवावंसं वाटतं, भाकरी होती का नदी. तेही नको.

तू विचारतेस, आता आईला खरं सांगू का, शवपेटीपाशी उभं राहून. तेही नको. माझ्यावर रागावून ती गेली, भिंतीवर नाही. राहू दे ते.

कॉलेजला मी लिहून दिलं, यंदा दीक्षा घेतलेली मुलगी एकही नाही. ते चुकलं माझं. एक होती. ज्या घरात यायचं नाही म्हणून तू माझ्या पायरीवर रडलीस, त्या घराची तू शेवटची मुलगी आहेस. मला याचं वाईट वाटतं, तुझ्यासाठी. पण तुझी आई आता नियमाने तुझी थोरली आहे, आणि थोरलीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

तर दोन कामं कर. पेटी बंद करायच्या आधी सगळ्यांना बाहेर जायला सांग. वाक, आणि तिच्या उजव्या कानात शब्द सांग. जिथून तुला मिळाले तिथेच परत. मग विसर. खरंच विसर.

आणि एक पांढरा रुमाल घे, सुती. वृद्धाश्रमातल्या तिच्या खणात असतील. तिथल्या बाईंकडे इस्त्री आहे, मी विचारून ठेवलं आहे. थोडा ओला असतानाच इस्त्री फिरव, आधी कडा, मग मधला भाग. चौघडी घाल. कोपरे जुळले नाहीत तरी चालेल. माझेही जुळले नव्हते, आणि तिने हसून तो तसाच घेतला होता.

तुझी,
नोलामावशी